बंगाली मूर्तिवाल्याची मुलगी

आमच्या घरात मराठी ही कोणाचीच मातृभाषा नव्हती. आईची तेलुगू, बाबांची बंगाली. आईला बंगाली येत नव्हतं, बाबांना तेलुगू. एकमेकांशी बोलायचं तर बाजारात आणि गल्लीत जी कानावर पडायची तीच भाषा हाताशी होती, म्हणून दोघांनी मोडक्यातोडक्या मराठीत संसार केला. आई विचारायची, "जेवतंय की नाही ओ तुमी?" बाबा म्हणायचे, "भात झाली का?" त्यांच्या भाषेत क्रियापदाला बाईपुरुष नसतो, हे मला फार नंतर कळलं. लहानपणी वाटायचं, बाबांना देवी आला काय आणि गणपती आली काय, सगळं सारखंच. मी त्यांची एकुलती एक मुलगी. पुढे मी शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत लोक हसायचे. "बंगाल्याची पोरगी मराठीची बाई झाली की!"

बाबा मूर्तिकार होते. देवीच्या, गणपतीच्या, कधीमधी दुसऱ्या देवांच्या मूर्ती करायचे. सोलापूरला ते कसे आले, हे आई सांगायची. बाबा स्वतःबद्दल फारसं बोलत नसत.

रेल्वेत त्या काळी काही बंगाली कुटुंबं होती. ती दरवर्षी दुर्गापूजा करायची आणि मूर्ती घडवायला थेट बंगालमधून कारागीर बोलवायची. एका वर्षी त्या कारागिरांबरोबर विशीतला एक सडपातळ मुलगा आला होता. पूजा झाली, आणि परतीच्या गाडीत बसायच्या दिवशी तो तापानं फणफणला. टायफॉइड निघाला. बाकीच्यांना पुढे दुसऱ्या गावी काम होतं. त्यांनी त्याला दवाखान्यात दाखल केलं, बरा झालास की ये म्हणून सांगितलं आणि ते गेले. शेजारच्या खाटेवर माझे आजोबा होते, आईचे वडील. भवानी पेठेत त्यांचे हातमाग होते, आणि ते मलेरियानं तिथं येऊन पडले होते. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. पण आजोबांना डबा यायचा आणि ह्या मुलाला कोणी भेटायलाही येत नव्हतं. दवाखान्यातून सोडल्यावर आजोबा त्याला टांग्यात घालून घरीच घेऊन आले. आजीला म्हणाले, "ह्याला कोण न्हाई. चार दिवस राहील."

आईनं त्याच्यापुढे भाताची पेज ठेवली. आठवडेच्या आठवडे त्यानं भात पाहिला नव्हता. तो ती पेज बघून रडायला लागला. आई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. तिला वाटलं, पेजेत मीठ जास्त पडलं.

चार दिवसांचं मग आयुष्य झालं. अंगात ताकद आल्यावर त्यानं आजोबांसाठी मागच्या अंगणातल्या मातीचा गणपती केला. तो बघून शेजाऱ्यानं मागितला, मग गल्लीच्या मंडळानं. आईशी लग्नाचं निघालं तेव्हा नातेवाइकांनी आजोबांना धारेवर धरलं. कुठला, कोणाचा, जात काय, काहीच माहीत नाही, आणि पोरगी देतोस? आजोबांनी उत्तर दिलं, "देव करतोय की. वाईट कसा असंल?" एवढ्या एका वाक्यावर माझ्या आईबापांचं लग्न लागलं.

मी शाळेत जायला लागले तोवर बाबांचं नाव शहरभर झालेलं होतं. नाव म्हणजे 'बंगाली मूर्तिवाला', एवढंच. सोलापुरात नवरात्राची मंडळं भरपूर, आणि गणपती झाले की त्यांची देवीसाठी लगबग सुरू व्हायची. बाबांची पद्धत तिकडची होती. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढ्याचं अंग, त्यावर मातीचे थर. पण भाताचा पेंढा सोलापुरात कुठून मिळणार? मग त्यांनी ज्वारीचा कडबा वापरायला सुरुवात केली. एकदा शेजारची म्हैस दावं तोडून आमच्या शेडमध्ये शिरली आणि तिनं देवीचा एक हात ओढून खाऊन टाकला. मंडळाचे लोक म्हणाले, अपशकुन झाला, मूर्ती नको. बाबा म्हणाले, "देवीची हात अठरा आहे. एक म्हशीला दिली." सगळे हसले आणि अपशकुन तिथंच मिटला.

मातीचाही असाच त्रास. इथली हवा कोरडी, ऊन रणरणतं. ओली मूर्ती सकाळी ठेवली की संध्याकाळपर्यंत तडकायची. तिकडे मातीत भाताचं तूस घालत असत. बाबांनी मागाच्या शेडमधला सुताचा कचरा आणून मातीत मळायला सुरुवात केली. आणि विणताना चूक राहिलेल्या, बाजारात न जाणाऱ्या चादरी आजोबा द्यायचे, त्या भिजवून मूर्तीला गुंडाळायचे. उन्हाळाभर आमच्या शेडमध्ये सोलापुरी चादरी पांघरून देव उभे असायचे. त्या चादरींवर पाणी मारायचं काम आईचं. ती कमरेला पदर खोचून तांब्यानं पाणी शिंपडायची आणि गोष्टी सांगितल्यासारखी त्यांच्याशी तेलुगूत बोलायची. आजी-आजोबांशी बोलणं सोडलं तर घरात तिचं तेलुगू तेवढंच ऐकू यायचं.

बाबांचं सगळ्यांत अवघड काम मात्र देवीचं नव्हतं. एका वस्तीतले बौद्ध लोक आले होते, विहारासाठी बुद्धाची मूर्ती हवी होती, सिमेंटची, टिकणारी. त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "डोळे असे करा दादा, की आमच्या बारक्या पोरांना जवळ जावंसं वाटलं पायजे." बाबांनी काम घेतलं आणि अडकले. देवीच्या डोळ्यांत राग असतो, तेज असतं, मोठे उघडे डोळे काढले की भागतं. हे डोळे अर्धे मिटलेले. जास्त मिटले की झोपेतले वाटायचे, जरा उघडले की हिशेब करणारे. कितीदा केले आणि खरवडून टाकले. शेवटी एका दुपारी जेवणानंतर आजोबा मागावर बसल्याबसल्या पेंगत होते. धोटा हातात, मान ताठ, पापण्या अर्ध्यावर. बाबा ताटावरून तसेच खरकट्या हातानं उठले आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसून बघत राहिले. आजोबांनी डोळे उघडले आणि दचकले. "काय झालं?"

"काही नाही. परत झोपा," बाबा म्हणाले.

ती मूर्ती अजून आहे. मी विहारात जाते तेव्हा मला तिच्या पापण्यांत माझ्या आजोबांची दुपारची झोप दिसते. करकंबच्या एका शेतकऱ्याला करून दिलेला नंदीही आहे, वस्तीवरच्या छोट्या देवळासमोर. बाकी बाबांच्या हातचं काही उरलेलं नाही. दरवर्षीच्या देव्या दरवर्षी पाण्यात गेल्या. विसर्जनाला बाबा कधी जात नसत. मंडळाची पोरं बोलवायला यायची, फेटा बांधतो म्हणायची. बाबा शेडमध्ये बसून कामाची हत्यारं धूत राहायचे.

मी लहान असताना एकदा त्यांना म्हटलं होतं, मला बंगाली शिकवा. ते हसले. म्हणाले, "काय करणार? हितं कोणाशी बोलणार तू?" मी आग्रह धरला नाही. मला त्याची गरजही वाटली नाही. 'बाबा' हा शब्द त्यांच्या भाषेतही तोच होता, एवढं मला पुरेसं होतं.

पुढे साच्यातल्या, प्लास्टरच्या मूर्ती आल्या. हलक्या, चकचकीत, हव्या तेवढ्या उंच. एकेक करून मंडळं तिकडे वळली. बाबांनीही एक वर्ष साचे आणून बघितले. नंतर ते अडगळीत टाकून दिले. "ह्यात हात काय करतो?" एवढंच म्हणाले. शेवटी एकच मंडळ उरलं, आमच्याच पेठेतलं, जुन्या माणसांचं. वर्षाला त्यांची एक मातीची देवी, आणि गणपतीच्या दिवसांत घरगुती गणपती. माझं लग्न झालं, मी जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहायला गेले. आई-बाबा भवानी पेठेतच राहिले. रविवारी मी स्कूटरवरून जायचे. बाबा म्हातारे होत गेले, पण मातीत हात घातला की तरुण व्हायचे.

त्या वर्षी जूनमध्ये त्यांना झटका आला. सकाळी देवीच्या सांगाड्यावर मातीचा दुसरा थर चढवता चढवता ते खाली बसले आणि बसलेलेच राहिले. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यातून आठ-दहा दिवसांनी घरी आणलं. शुद्ध होती, नजर होती. तोंड वाकडं झालं होतं ते हळूहळू सरळ झालं, आणि शब्दही फुटायला लागले. आम्हाला हायसं वाटलं. पण ते शब्द आम्हाला कळत नव्हते.

आधी वाटलं, जीभ जड झाली म्हणून असं होत असेल. मग लक्षात आलं की जीभ ठीक आहे, बाबा बंगालीत बोलतायत. मराठीतलं काही म्हणजे काही त्यांच्या तोंडून येत नव्हतं आणि आमचं बोललेलं त्यांना समजत नव्हतं. आई म्हणायची, "पाणी देऊ का ओ?" ते तिच्याकडे नुसते बघायचे. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी. नंतर शिकलेली भाषा आधी पुसली जाते. परत येईल का? ते म्हणाले, सांगता येत नाही. ती आली नाही. जवळजवळ सगळं आयुष्य ज्या भाषेत त्यांनी आईवर प्रेम केलं, भांडणं केली, मला वाढवलं, ती एका सकाळीत गेली.

मी शाळेतून रजा घेतली आणि त्यांना आमच्या फ्लॅटवर आणलं. दिवसभर ते एकच म्हणायचे, "बाडी जामू." मला वाटलं, जांभळं मागतायत. दिवस जांभळांचेच होते. मी रिक्षा करून गेले, चांगली टपोरी बघून आणली, बिया काढून भरवली. त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. तोंड पुसल्यावर परत म्हणाले, "बाडी जामू." आणि माझ्याकडे बघून, "खुकी." मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, खोकला होतोय बहुतेक, 'खोकी खोकी' म्हणतात. औषध आणलं. ते चमच्यानं पाजताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, औषध कडू आहे.

आई म्हणाली, "त्यांना आपल्या घरी जायचं असंल." म्हणून परत भवानी पेठेत नेलं. शेडच्या दाराशी खाट टाकली, म्हणजे अर्धवट देवी त्यांना दिसेल. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मान फिरवली, आणि तेच. "बाडी जामू."

सोलापुरात बंगाली बोलणारं माणूस शोधायचं कुठं? रेल्वेतली ती जुनी कुटुंबं कधीच बदलून गेलेली. माझ्या नवऱ्याला आठवलं, सराफांच्या गल्लीत दागिने घडवणारे कारागीर तिकडूनच आलेले असतात. मी गेले. एका दुकानाच्या माडीवर चार-पाच जण ओळीनं बसून काम करत होते. मी दारातच विचारलं, "इथं बंगाली कोण आहे?" सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. त्यातला तिशीतला एक जण उठून बाहेर आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दीदी, आज काम आहे. उद्या सुट्टी आहे, उद्या येतो."

खरंच आला. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला, पाहुणा जातो तसा. खाटेशेजारी जमिनीवर बसला आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग डाव्या हातानं त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि बोलायला सुरुवात केली. इतक्या दिवसांत दोन शब्दांपलीकडे न गेलेला माणूस बोलत होता, थांबत नव्हता. मी बाबांना माझ्या उभ्या जन्मात एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाजसुद्धा वेगळा होता, चढणारा, लहान मुलासारखा घाई करणारा. तो कारागीर मधूनमधून थांबवून विचारायचा, कपाळाला आठी घालून ऐकायचा.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"दीदी, दादू उस पार की बोली बोलतात. बॉर्डरच्या तिकडची. माझी आजी असं बोलायची. मला पण सगळं नाही समजत." मग म्हणाला, "घरी जायचं म्हणतात. बाडी जामू, म्हणजे घरी जाणार."

"घरीच तर आहेत."

"हे घर नाही. नदी आहे, नदीच्या काठाला घर आहे. लहान असताना सोडलं. पार्टिशनमध्ये खूप लोक सोडून आले ना तेव्हा, तसं." त्यानं परत बाबांना काही विचारलं, बाबांनी उत्तर दिलं. तो सांगायला लागला, आणि सांगताना माझ्याकडे बघेना. "छोटी बहीण होती. तिला ताप होता. नावेत गर्दी, रात्रीचा वारा. आई बोलली, मावशीजवळ राहू दे, बरी झाली की नेऊ. ती हात सोडत नव्हती. दादूचा हात. तर दादूनं तिला सांगितलं, मी आठ दिवसांत न्यायला येतो."

"मग?"

"मग जाता नाही आलं, दीदी. कोणालाच नाही."

आई दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच होता. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला एक बहीण होती हे तिला त्या दुपारी, परक्या माणसाच्या तोंडून कळलं.

मी विचारलं, "खुकी म्हणजे काय?"

"छोटी मुलगी. घरातल्या धाकटीला लाडानं म्हणतात."

तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले. माझ्या तोंडाकडे, केसांकडे, हातांकडे बघत राहिले आणि काहीतरी म्हणाले. कारागिरानं मान खाली घातली.

"सांग की."

"तुम्हाला म्हणतात, एवढी मोठी कधी झालीस?"

एक क्षण माझा आनंद पोटात मावेना. मला वाटलं, ओळखलं! मी हसून म्हटलं, "अहो बाबा, पन्नाशी आली माझी!" कारागिरानं मान हलवली. "नाही दीदी. तुम्हाला ती समजतात. खुकी."

बाबा अजून माझ्याकडे बघत होते. वाट बघत होते. कारागीर हळूच म्हणाला, "तुम्ही एवढंच बोला. दादा, आमि आइसि. म्हणजे, दादा, मी आले."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "म्हण की. तुझं काय जातंय?"

मी खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "दादा, आमि आइसि."

बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. ते रडले, मोठ्यानं, तोंड उघडून, कोणाची लाज न बाळगता. मीही रडले. माझं रडणं आनंदाचं आहे असं त्यांना वाटलं असणार. त्या दिवसानंतर त्यांनी 'बाडी जामू' म्हटलं नाही. त्यांचं काम झालं होतं.

माझं काय गेलं, हे आईला त्या क्षणी कसं कळावं? त्या दुपारनंतर मी रजा संपवली, पण रोज शाळा सुटली की भवानी पेठेत जायचे आणि दारातूनच हाक मारायचे, "दादा!" त्यांचा चेहरा फुलायचा. ते मला काहीबाही सांगायचे, तळ्याचं, झाडाचं, माशांचं असावं, हातानं आकार दाखवायचे. मी मान डोलवायचे. ते सुखी होते, हे खरं. पण माझे बाबा कुठंच नव्हते. देवीच्या पायाशी बसवून मला पाढे म्हणायला लावणारे, माझ्या लग्नात मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिलेले, ते समोर जिवंत असताना मला भेटत नव्हते. त्यांच्या जगात मी जन्मलेच नव्हते.

आईचं दुःख याहून अवघड होतं. मी निदान बहीण तरी झाले होते. ती कोणीच नव्हती. ती अंग पुसायला गेली की बाबा पाय आखडून घ्यायचे, चादर गळ्यापर्यंत ओढायचे. जेवण भरवलं की नम्रपणे काहीतरी बोलायचे. कारागिराला विचारलं तर तो म्हणाला, "आभार मानतात. म्हणतात, ही बाई फार चांगली आहे, आपल्यासाठी किती करते." आई ऐकून चुलीपाशी गेली आणि मला म्हणाली, "बाई म्हणतो बघ मला. परकी बाई."

तरी ती रोज सकाळी शेडमध्ये जायची आणि त्या अर्धवट देवीच्या चादरींवर पाणी मारायची. माती वाळली तर हात फिरवता येणार नाही म्हणून. मंडळाचे लोक येऊन गेले होते. काकू, औंदा आम्ही तयार मूर्ती आणतो, वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. आईनं हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी परत पाणी मारलं. श्रावण गेला, गणपती गेले. मी एकदा म्हटलं, "आई, कशाला?" ती म्हणाली, "ओली हाय तवर त्यांचीच हाय." घटस्थापनेच्या दिवशी सकाळी मी गेले तर चादरी काढून, धुऊन, दोरीवर टाकलेल्या होत्या. दसऱ्यापर्यंत देवीला भेगा पडल्या आणि आतला कडबा दिसायला लागला.

त्याच दिवसांत कधीतरी आईनं बाबांशी मराठी बोलणं सोडलं. मी एका संध्याकाळी पोचले तर आतून तिचा आवाज येत होता, एका लयीत चाललेला, तेलुगूत. ती भात कालवत होती आणि विचारत होती, "तिन्नारा?" जेवलात का? बाबांनी बंगालीत काहीतरी उत्तर दिलं. ती त्यावर तेलुगूत बोलली, लांबलचक, बहुधा तिच्या माहेरच्या कोणाचं तरी. बाबा ऐकत होते. मग ते बोलले, ती ऐकत होती. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. मी आत गेल्यावर आई म्हणाली, "मराठीत बोलून कुटं कळतंय त्यांना? मग मी माझंच बोलते की. जीव हलका होतोय." आणि बाबा तिला पाहून पाय आखडून घेईनासे झाले. आवाजाची सवय झाली असेल, किंवा आणखी काही असेल. पण त्या घरात मराठी बोलणारी आता मी एकटी होते.

कार्तिकात त्यांना दुसरा झटका आला. त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. आई बाजारात गेली होती. मी खाटेवर बसून त्यांची नखं कापत होते. त्यांनी हात सोडवून घेतला, माझी हनुवटी धरली आणि एक मोठं वाक्य बोलले. सावकाश, नीट, एकेक शब्द सुटा करून, एखाद्या मुलाला समजावून सांगावं तसं. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे तो प्रश्न होता. त्या वेळी त्यांची नजर वेगळी होती. ती खुकीकडे बघण्याची नजर नव्हती, असं मला वाटलं. आजही वाटतं. मला त्यांना हाक मारायची होती. बाबा म्हणावं की दादा, ते ठरेना. मी नुसतं "हो" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि हनुवटी सोडली.

दुसऱ्या दिवशी ते बेशुद्ध झाले आणि त्यातच गेले.

मी नंतर त्या कारागिराला ते वाक्य सांगायचा प्रयत्न केला. जेवढे आवाज आठवत होते तेवढे काढून दाखवले. त्यानं डोळे मिटून ऐकलं, दोन-तीनदा म्हणायला लावलं. शेवटी म्हणाला, "दीदी, ह्यातून काही जुळत नाही." मी वर्गात पोरांना वाक्याचे प्रकार शिकवते. तो प्रश्न होता एवढंच मला सांगता येतं.

बाबांना खांदा द्यायला पेठेतली जुनी माणसं आली, विहारातले लोक आले, आणि तो कारागीर माडीवरच्या आपल्या सगळ्या सोबत्यांना घेऊन आला. स्मशानात त्यांनी आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. बाबांच्या जाण्याला निदान त्यांची भाषा हजर होती.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्यावर तो आईपाशी येऊन बसला. त्याला गावी जायचं होतं. म्हणाला, "मासी, थोड्या अस्थी माझ्याकडे द्या. बॉर्डरच्या पलीकडे मला जाता येणार नाही. पण तिकडून येणारी एक नदी आमच्या बाजूला आहे. तिच्यात सोडतो. दादूला बरं वाटेल."

मला ते एकदम पटलं. मी उठून डबी शोधायलासुद्धा गेले. आईनं मला हातानं थांबवलं. बराच वेळ ती गाडग्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याची गाठ चाचपत होती. मग त्याला म्हणाली, मराठीतच म्हणाली, "नको बाळा. लई लांबून आले होते ते. आता परत कुटं प्रवास करायला लावतोस?"

त्यानं तिच्या पायांना हात लावला आणि तो गेला.

आम्ही अस्थी भीमेवर नेल्या. आई तशी कुठल्याच विसर्जनाला पुढे जाणारी नव्हती, पण त्या दिवशी माझा हात धरून गुडघाभर पाण्यात उतरली. गाडगं तिनं स्वतः रिकामं केलं. आमच्या फ्लॅटवर आल्यावर तिनं तांदूळ धुतले आणि मला विचारलं, पाणी किती घालू. मी सांगितलं. मग आम्ही दोघी कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत स्वयंपाकघरात बसून राहिलो.